तंबूतील संसार

वाचकहो, या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतील प्रश्न बहुधा ठराविक असतात : खर्च किती येईल, हवा मानवेल काय, मुलांना व वडीलधाऱ्यांना सोसेल काय. बंगळूरच्या जयनगर भागातून आलेल्या एका भगिनींच्या पत्रातही हे सारे प्रश्न होते. परंतु त्या पत्राच्या अखेरीस एक वाक्य होते, आणि त्याचे उत्तर देण्याकरिता आजचे सदर खर्ची घालावे, असे आम्हांस वाटले.

जयनगर ही बंगळूरच्या दक्षिणेकडील आखीव वसाहत. १९४८ साली, चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, त्यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. त्या काळातील अशोकस्तंभ तेथे आजही उभा आहे. रुंद रस्ते आणि दुतर्फा मोठी झाडे असलेल्या या वसाहतीत एकाच गल्लीत राहणारी चार कुटुंबे गेली काही वर्षे एकत्र सहलीला जातात. दोन मराठी, एक कानडी, एक तमिळ. म्हैसूर झाले, उटी झाली, काबिनीच्या काठचे हत्तीही पाहून झाले. आता मंडळींनी मोठा बेत आखला आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून निघायचे आणि ट्रकमधून, तंबूत मुक्काम करीत, वन्य पशू पाहत, वीस-एकवीस दिवसांनी झिंबाब्वेतील व्हिक्टोरिया धबधब्यापाशी पोहोचायचे.

भगिनी लिहितात : "मुले आनंदाने नाचत आहेत. यजमानांनी नकाशा भिंतीवर लावला आहे. मामंजी सत्तरीचे, पण त्यांनाही यायचे आहे. सिंहांचे भय मला वाटत नाही असे नाही, पण खरे भय निराळेच आहे. आजवरच्या प्रत्येक सहलीत आम्ही चौघी बायका पहाटे उठून डबे करीत आलो. तिकडेही पोळ्या मीच लाटायच्या असतील, तर मी घरीच बरी."

हे वाक्य रागाने लिहिलेले नाही. थकव्याने लिहिलेले आहे. आमच्या वाचक भगिनींपैकी कितीजणींनी असे वाक्य मनातल्या मनात म्हटले असेल, हे आम्ही सांगावयास नको. म्हणून सिंह, तंबू आणि पोळ्या या तिन्हींचा विचार आज एकत्रच करू.

प्रथम ही सहल कशी असते ते पाहू. खुष्कीच्या मार्गाने, अनेक देश ओलांडीत, समुदायाने लांबचा प्रवास करण्याची ही रीत तशी नवी नाही. १९५७ साली लंडनहून निघालेली एक प्रवासी बस युरोप, तुर्कस्तान, इराण व पाकिस्तान ओलांडून कलकत्त्यास आली होती. पुढे हीच रीत आफ्रिकेत रुजली. मालट्रकाच्या सांगाड्यावर उंच बैठकी आणि मोठ्या खिडक्या बसवितात. ट्रकाच्या पोटात तंबू, गाद्या, घडीच्या खुर्च्या आणि पिण्याच्या पाण्याची टाकी असते. बाजूचे एक झाकण उघडले की आत चक्क स्वयंपाकघर दिसते : गॅसच्या शेगड्या, डबे, पातेली, चिरण्याच्या फळ्या. डझन-दोन डझन प्रवासी, एक चालक, एक मार्गदर्शक आणि कधी एक स्वयंपाकी, एवढाच या फिरत्या गावाचा पसारा. काही संस्था तंबूऐवजी खोल्यांत मुक्काम देतात, पण त्याचा खर्च पुष्कळच वाढतो.

या मार्गाचे अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. केपटाऊन सोडून उत्तरेस निघाले की ऑरेंज नदी लागते. तीच दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया यांमधील सीमा. नामिबिया हा देश आपल्या महाराष्ट्राच्या अडीच पटींहूनही मोठा आहे, परंतु २०२३ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे तीस लाख भरली. बंगळूर शहराची लोकसंख्या २०११ सालीच चौऱ्याऐंशी लाखांवर होती, हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील मोकळीक किती असेल याची कल्पना येईल. तासन् तास ट्रक धावतो आणि समोरून एखादेच वाहन येते. फिश नदीची प्रचंड दरी, नामिब वाळवंटातील तांबूस वाळूचे डोंगर, डेडव्लेई नावाच्या कोरड्या तळ्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळून तसेच उभे राहिलेले काळेभोर वृक्ष, ही या प्रदेशातील स्थळे. येथे हवा इतकी कोरडी आहे की मेलेले झाडही कुजत नाही.

पुढे एटोशा येते. तेथे एक विस्तीर्ण मिठागरासारखा खळगा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटर असून बहुतेक काळ तो कोरडाच असतो. १९०७ साली हा भाग राखीव करण्यात आला. येथे जनावरांच्या मागे धावावे लागत नाही, पाण्यापाशी बसून राहावे लागते. ओकाउकुएयो नावाच्या मुक्कामाच्या तळाला लागूनच एक पाणवठा आहे, आणि रात्री त्यावर सौम्य प्रकाश सोडलेला असतो. कठड्याच्या अलीकडे माणसे गुपचूप बसतात. पलीकडे काळोखातून जिराफ येतो, पुढचे पाय फाकून मान खाली घालतो. हत्ती येतात, पाणी पिऊन जातात. दैव असेल तर काळा गेंडाही येतो. तेथे कोणी बोलत नाही. ज्या मुलाला घरी दहा मिनिटे स्वस्थ बसविता येत नाही, तेही येथे तासभर बसते.

येथे आपल्याला एक जिव्हाळ्याचा धागा सापडतो. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, मध्य प्रदेशातील कुनो येथे जे आठ चित्ते सोडण्यात आले ते याच नामिबियातून आणलेले होते. पुढील वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. मुलांना ही गोष्ट निघण्यापूर्वी सांगावी, म्हणजे तिकडचा प्रदेश त्यांना अगदीच परका वाटणार नाही.

बोट्स्वानातील ओकावांगो नदीची कथा याहून नवलाची आहे. सर्व नद्या समुद्रास मिळतात असे आपण शिकतो. ही नदी अंगोलातील डोंगरांत उगम पावते आणि समुद्राकडे न जाता कालाहारीच्या वाळूत पसरून तेथेच संपते. डोंगरांत पाऊस पडतो वर्षारंभी; ते पाणी सपाट भूमीवरून इतके सावकाश सरकते की त्याचा पूर येथे पोहोचतो जून ते ऑगस्टच्या सुमारास, जेव्हा भोवतालचा सगळा मुलूख पाण्यासाठी तळमळत असतो. ऐन दुष्काळात पूर! म्हणूनच येथे पशूंची एवढी दाटी होते. या त्रिभुज प्रदेशाला २०१४ साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले. प्रवासी येथे ट्रक मागे ठेवून मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून जातात. पूर्वी ती एका खोडातून कोरीत, आता बहुधा फायबरची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो, आणि बेटावर रात्रीचा मुक्काम होतो. तेथे नळ नाही, दिवा नाही. शौचास खणलेला खड्डा आणि शेजारी मातीचे फावडे. पुढे चोबे नदीकाठी हत्तींचे कळप भेटतात. २०२२ च्या हवाई गणनेत एकट्या बोट्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती असल्याचा अंदाज निघाला. शेवटी झाम्बेझी नदीचा तो सुप्रसिद्ध धबधबा : रुंदी सतराशे मीटर, उंची एकशे आठ मीटर.

हे सारे वाचून मन लोभावते. पण वाचकहो, हे तीन आठवडे ज्यामुळे पार पडतात ते या स्थळांच्या वर्णनात कोठेच नसते. ते असते ट्रकाच्या दारावर चिकटविलेल्या एका कागदावर. त्या कागदाला आपण पाळीपत्रक म्हणू.

या सहलींचा एक नियम असा की, प्रवासी हा केवळ पाहुणा नव्हे. आपला तंबू आपणच उभारावयाचा आणि सकाळी आपणच उतरवावयाचा. पहिल्या दिवशी यास अर्धा तास लागतो, चौथ्या दिवशी दहा मिनिटे पुरतात. पुढील कामांसाठी तीन-चार जणांच्या तुकड्या पाडतात आणि त्या रोज आळीपाळीने बदलतात. आज ज्या तुकडीने भाजी चिरली ती उद्या भांडी घासील, परवा ट्रक झाडील, त्यानंतर सामान चढविण्या-उतरविण्याचे पाहील. भांड्यांसाठी तीन घमेली मांडलेली असतात : एकात साबणाचे पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक. धुतलेली ताटे फडक्याने पुसत नाहीत, कारण एकच ओले फडके वीस माणसांचे पोट बिघडवू शकते. ताटे दोन्ही हातांत धरून हवेत हलवून वाळवितात. संध्याकाळच्या प्रकाशात डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी असे सारे ओळीने उभे राहून ताटे हलवीत आहेत, हे दृश्य मोठे मौजेचे असते. बसण्याच्या जागाही रोज बदलतात, म्हणजे खिडकीवरून भांडण नको.

या व्यवस्थेत स्त्रीचे काम आणि पुरुषाचे काम असा भेद नाही. मग आमच्या जयनगरच्या भगिनींचे भय निराधार म्हणावे काय? तसे आम्हांस वाटत नाही, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

निरनिराळ्या देशांतील अनोळखी माणसे एका ट्रकात बसली म्हणजे पाळीपत्रक आपोआप पाळले जाते. परक्यांसमोर अंग चोरण्याची लाज वाटते. परंतु चार ओळखीची कुटुंबे मिळून सबंध ट्रक ठरवितात आणि "आमचे शाकाहारी आम्ही पाहून घेऊ" असे सांगतात, तेव्हा काय होते? स्वयंपाक्याची जागा रिकामी राहते, आणि ती कोण भरणार हे कोणी बोलून दाखवीत नाही. यजमान तंबूच्या खुंट्या ठोकण्यात गुंततात, मुले कोल्ह्याच्या मागावर जातात, आणि चौघीजणी नेहमीप्रमाणे शेगडीपाशी बसतात. कोणी कोणावर जुलूम केलेला नसतो. घरची सवय तेवढी सामानाच्या आधी ट्रकात चढून बसलेली असते.

म्हणून त्या भगिनींना आम्ही जे पत्रोत्तर पाठविले त्यात दोन गोष्टी सुचविल्या. पहिली ही की, स्वयंपाकी नसलेली सहल ठरवू नये. शाकाहाराची सूचना आधी दिली तर बहुतेक संस्था तशी सोय करतात. दुसरी ही की, पोळीचा हट्टच मुळी सोडावा. त्या प्रदेशाचे रोजचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. दक्षिण आफ्रिकेत तिला पाप म्हणतात. नावावर जाऊ नये, अन्न पुण्याचेच आहे! झिंबाब्वेत तिलाच साड्झा म्हणतात. ज्या बंगळूरकरांना नाचणीचे मुद्दे आणि सारू ठाऊक आहे त्यांनी या उकडीपुढे नाक मुरडण्याचे कारण नाही. तीन पायांच्या बिडाच्या हंडीत निखाऱ्यांवर सावकाश शिजविलेली भाजी, भोपळा, घेवड्याच्या बिया आणि ही उकड यांवर तीन आठवडे सुखाने निघतात. सोबत मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी, पोह्यांची पाकिटे असली की झाले. मात्र फळे, बियाणे, घरगुती दुधाचे पदार्थ सीमेवर अडवितात. शिवाय जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगामुळे नामिबिया व बोट्स्वाना या देशांत ठिकठिकाणी तपासणीची नाकी आहेत. तेथे कच्चे मांस पुढे नेऊ देत नाहीत, आणि कित्येकदा प्रवाशांना उतरवून पादत्राणे औषधी पाण्यात बुडवावयास लावतात.

आता सिंहांकडे वळू. तंबूत राहणे सुरक्षित आहे काय? नियम पाळले तर होय. काही तळांना कुंपण असते, काहींना नसते. मोरेमी व चोबे येथील कित्येक तळ उघडेच आहेत. अशा ठिकाणी चारही बाजूंनी बंद केलेल्या तंबूला जनावरे सहसा एखाद्या खडकासारखी बगल देऊन जातात. धोका असतो तो अर्धवट उघड्या दारात आणि खाद्यपदार्थांच्या वासात. म्हणून तंबूत बिस्किटाचा पुडाही ठेवू नये. हत्तीला संत्र्यासारख्या फळांचा वास दुरून लागतो. झिंबाब्वेतील माना पूल्स या उद्यानात ती फळे नेण्यास याच कारणाने मनाई आहे. चपला-बूट बाहेर ठेवू नयेत, कोल्हे आणि तरस ते पळवितात. अंधार पडल्यावर एकट्याने कोठे जाऊ नये. रात्री उठावे लागलेच तर आधी विजेरीचा झोत चहूकडे फिरवावा. दोन डोळे चमकलेले दिसले तर तंबूत परतावे आणि मार्गदर्शकास हाक द्यावी. वाहनात असता उभे राहू नये, हात बाहेर काढू नयेत, मोठ्याने बोलू नये. मुलांना हे सारे तेथे गेल्यावर शिकवू म्हणून चालत नाही. पुष्कळ संस्था या कारणास्तव लहान मुलांना घेतच नाहीत. वयाची अट प्रथम विचारून घ्यावी.

ऋतूविषयी थोडे. मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा काळ पशू पाहण्यास उत्तम, कारण गवत कमी होते आणि जनावरे पाणवठ्यांवर एकवटतात. परंतु आपल्याकडील पावसाळ्याचे महिने तेथे हिवाळ्याचे असतात. जून-जुलैत वाळवंटातील रात्र गोठणबिंदूजवळ जाते. "आफ्रिका म्हणजे उन्हाळा" असे मानून सुती कपडे भरणारी मंडळी पहिल्याच रात्री पस्तावतात. लोकरीची टोपी, मोजे आणि उबदार स्लीपिंग बॅग हवीच. वडीलधाऱ्यांनी तर पाठीखाली जाडसर अंथरूणही घ्यावे. कित्येक तळांवर लाकडाच्या जाळाने पाणी तापविणारी मोठी टाकी असते, आपल्या जुन्या घरांतील बंबाचेच ते थोरले भावंड. तेव्हा अंघोळीची चिंता नको. नामिबियाचा उत्तर भाग, ओकावांगो, चोबे आणि धबधब्याचा परिसर येथे हिवतापाचा संभव असतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी व लांब बाह्यांचे कपडे यांची तयारी करावी. पिवळ्या तापाच्या लशीचे नियम आणि प्रत्येक देशाच्या प्रवेशपरवान्याचे नियम वेळोवेळी बदलतात. ते त्या त्या देशाच्या वकिलातीकडून ताजे मिळवावेत. मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. सत्तरीच्या गृहस्थांनी ट्रकाच्या उंच पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढाव्या-उतराव्या लागतील हे ध्यानी घेऊन मगच होकार द्यावा.

या सर्वांहून महत्त्वाची सूचना आम्ही पत्राच्या शेवटी केली होती : आधी एक तालीम करा.

जंगलाची तालीम करण्यास बंगळूरकरांना दूर जावे लागत नाही. २०१७ च्या गणनेत भारतातील सुमारे सत्तावीस हजार हत्तींपैकी सहा हजारांवर एकट्या कर्नाटकात आढळले. आपल्याकडील व्याघ्र प्रकल्पांत मन मानेल तेथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आफ्रिकेतील त्या उघड्या, विरळ वस्तीच्या मुलखाशी आपल्या दाट जंगलांची व भोवतालच्या दाट गावांची तुलना होत नाही. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, ती पशूंनाही रात्र मिळावी म्हणून. परंतु बिळिगिरिरंगन डोंगरात के. गुडी येथे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या संस्थेची तंबूंची वसाहत आहे. दोन रात्री तेथे काढाव्यात. ते रान सोलिग लोकांचे घर आहे. २०११ साली तेथील सोलिग ग्रामसभांना व्याघ्र प्रकल्पातही आपल्या वनावरील सामुदायिक हक्क मिळाले. कालाहारीतील सान लोकांनाही आपल्या भूमीवर परतण्याचा हक्क २००६ साली बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयातून मिळवावा लागला. आपण ज्याला सफारी म्हणतो ते कोणाचे तरी अंगण असते, एवढी जाण मुलांना घराजवळच्या रानातच यावी. आणि वाघ न दिसता परत येण्याची सवयही तेथेच व्हावी.

स्वयंपाकाच्या तालमीसाठी मात्र रान नको. घरची गच्ची पुरे. एका रविवारी चारही कुटुंबांनी गच्चीवर जमावे, दोन शेगड्या मांडाव्यात, तीन घमेली ठेवावीत, आणि पाळीपत्रक भिंतीला लावावे. पहिल्या दिवसाच्या स्वयंपाकाच्या तुकडीत एकाही गृहिणीचे नाव नसावे. आणि गृहिणींनी, हे अधिक कठीण, मध्ये बोलू नये.

या गोष्टीला दोन महिने झाले. मागील आठवड्यात जयनगरहून दुसरे पत्र आले. त्यातील काही भाग त्यांच्या अनुमतीने देत आहोत.

"तालीम केली. भात तळाशी लागला. सांबारात मीठ दोनदा पडले, कारण दोघांनी एकमेकांना न विचारता घातले. मी तीन वेळा उठले आणि तीन वेळा शेजारच्या कानडी वहिनींनी पदर धरून मला खाली बसविले. जेवायला रात्रीचे साडेनऊ वाजले, पण मुलांनी तक्रार केली नाही, कारण तो भात त्यांनीच निवडला होता. मामंजींना उभे राहून काम होत नाही, म्हणून त्यांनी खुर्चीवर बसून सगळी ताटे हवेत हलवून वाळविली. त्यांच्या हातून घरातले एखादे काम होताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिले. सासूबाई असत्या तर त्यांना बरे वाटले असते. नंतर यजमान माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, 'हे तू रोज करतेस?' मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मी म्हटले, 'रोज भात लागत नाही एवढेच.'"

पुढे त्या लिहितात की, आफ्रिकेचा बेत अजून पक्का झालेला नाही. खर्चाचा हिशेब चालू आहे, आणि मामंजींच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावयाचे आहे. कदाचित पुढील वर्षीच्या जुलैत जमेल, कदाचित जमणार नाही. के. गुडीचे मात्र नक्की झाले आहे. आणि गच्चीवरचे पाळीपत्रक भिंतीवरून काढले नसून दर रविवारी ते चालू आहे. दुसऱ्या रविवारी भात लागला नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांना नामिबियाचे वाळवंट पाहावयास मिळेल की नाही, हे सांगणे कठीण. परंतु येत्या सुट्टीत तुम्ही आंबोलीस जा, दांडेलीस जा, ताडोब्यास जा अथवा घराजवळच्या नदीकाठी वनभोजनास जा, एक कागद घ्या आणि त्यावर सर्वांची नावे लिहा. वडीलधाऱ्यांची, मुलांची, पाहुण्यांचीही. कोण पाणी आणील, कोण भाजी चिरील, कोण भांडी घाशील ते निघण्यापूर्वीच ठरवा. जिने आजवर प्रत्येक सहलीत पहाटे उठून डबे केले, तिचे नाव पहिल्या दिवशी एकाच कामासमोर लिहा : पाणवठ्यापाशी सर्वांत पुढे बसणे.

जयनगरच्या भगिनींस आमचे उत्तर एवढेच. आपण अवश्य जावे. पोळपाट-लाटणे मात्र घरी ठेवावे.